तिसरं पेडल

देवानं माणसाला पाय दिले दोन, आणि गियरच्या गाडीला पेडलं लागतात तीन. हा साधा हिशेब मालूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, रोह्याच्या सईदच्या शेडमध्ये उभ्या उभ्या मांडला होता. मी तो ऐकला नाही. पुढं जे झालं ते पेणला आमच्या आळीत अजून चहाबरोबर सांगतात, आणि दर खेपेला माझी फजिती थोडी वाढवून सांगतात. म्हणून म्हटलं, एकदा आपणच सांगून टाकावं. निदान फजितीचं माप तरी बरोबर राहील.

महामार्ग रुंद करताना आमच्या भाताच्या खाचराची एक पट्टी गेली आणि तिचा मोबदला आला. शहाण्या माणसांनी त्यातून घरावर मजला चढवला. मी स्पोर्ट्स कार घ्यायचं ठरवलं. कारण विचाराल तर पतपेढीत माझ्या टेबलासमोर पूर्वी एक कॅलेंडर होतं. त्यावर समुद्रकाठचा रस्ता, बुटकी लाल गाडी, आणि मागं उडणारी कुणा बाईची ओढणी. वर्ष सरलं, कॅलेंडर रद्दीत गेलं, ओढणीही गेली. गाडी मात्र माझ्या डोळ्यांत जी थांबली ती निवृत्तीपर्यंत हलली नाही.

मालूला गाडी हवी होती ती वेगळ्याच कारणासाठी. तिचं माहेर रोह्याचं. माहेरचा गणपती पेणहून येतो, आणि तो आणायचा मान पेणला दिलेल्या लेकीचा. श्रावणात मालू कारखान्यात जाऊन ओल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगेतून आपला देव निवडते, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी मांडीवर घेऊन टेम्पोतून माहेरी जाते. त्या वर्षी तिच्या आईनं, गिरजाबाईंनी, फोनवर सांगितलं होतं, "मालू, औंदा तू सोता गाडी चालवत ये गो. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसतंय. डाव्या डोल्याचा दिवा गेलाय, उजव्यात जरा तेल हाय. ते हाय तवर बघू दे."

हे वाक्य मालूनं मला जेवताना सांगितलं. मी आमटी वाढून घेतली.

तर सईद. बरीच वर्षं आखातात काढून तो परत आला आणि कोलाड रस्त्याला शेड टाकून परदेशी बनावटीच्या जुन्या गाड्या विकू लागला. त्याच्याकडं माझ्या कॅलेंडरातली गाडी होती. एक नाही, दोन. दोन्ही बुटक्या, दोन्हींना दोनच खुर्च्या, दोन्हींचं छप्पर मागं दुमडणारं. लाल होती ती गियरची आणि पिवळी ऑटोमॅटिक.

"भाऊ, पिवळी घ्या," सईद म्हणाला. "पाय उचलला की आपली आपण चालते. लोण्यासारखी."

"आपली आपण चालत असेल तर मी काय करू?"

"बसा ना आरामात! वहिनी पण चालवतील."

"मला जमेल," मालू पुढं होऊन म्हणाली. "माझी स्कूटी अशीच बिनगियरची आहे. हिला एक पाय पळवायला, तोच पाय थांबवायला. अहो, पाय दोन आणि पेडलं तीन, हा हिशेबच मुळात चुकीचा आहे."

सईद पिवळीची एवढी तारीफ करतोय म्हणजे ती खपत नसणार, असा संशय मला आला. पतपेढीत इतकी वर्षं काढल्यावर माणसाला दुसऱ्याच्या खऱ्या बोलण्याचाच जास्त संशय येतो. मी "विचार करून सांगतो" म्हणालो. हे वाक्य बोलून माणूस घरी जातो तेव्हा विचार तो करत नाही, आळी करते.

आळीचे मुख्य सल्लागार हैबतराव. एसटीत ड्रायव्हर होते. आता ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकतात आणि मान हलवतात. माझी अडचण ऐकून त्यांनी पान थुंकलं, त्यावरूनच निकाल कळला.

"गियर नाय ती गाडी नाय. तो पालना हाय, पालना! त्यात पोरं झोपवायची." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आनि तुमच्या वयाचा मानूस पिवळ्या पालन्यात बसलेला बरा दिसल काय? उद्या बाजारात लोक म्हनतील, ह्याच्या हातात काय नाय, गाडीच ह्याला फिरवतेय."

शेजारचे कंपाउंडर म्हणाले, आपल्या रस्त्याला खड्डे ओळखून गियर टाकावा लागतो, गाडीला काय कळतंय खड्डा कुठला. पलीकडच्या मूर्तिकारानं ब्रश तोंडात धरून एवढंच विचारलं, "दोन सीटा? मग देव कुठं बसनार?" हा एकच प्रश्न विचार करण्याजोगा होता, म्हणून त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

मी लाल घेतली. परत येताना खांब गावाजवळ मालू फक्त म्हणाली, "शिकवाल ना मला?"

"म्हणजे काय! आठवड्यात शिकशील."

गाडी आळीत शिरली तेव्हा दिवाळीच होती. हैबतरावांनी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि त्याच हातानं आपल्या पुतण्याच्या वरातीसाठी गाडी मागितली. इथून मला एक गोष्ट कळत गेली, ती गाडी बनवणाऱ्या परदेशी इंजिनिअरांना अजून कळली असेल असं वाटत नाही. शर्यतीची गाडी आमच्या तालुक्यात आली की तिला मागणी येते ती वरातीची. छप्पर उघडं, त्यामुळं नवरा दिसतो. दोनच खुर्च्या, त्यामुळं नवरीच्या करवल्या घुसत नाहीत. वाऱ्याशी पैज लावायला जन्मलेली ती गाडी लग्नसराईभर बँजो पार्टीच्या मागं मुंगीच्या पावलानं चालली, आणि प्रत्येक वेळी ती चालवायला मी. नवरा-नवरी बसायची ती मागं डिकीच्या झाकणावर, पाय माझ्या शेजारच्या खुर्चीत सोडून. "भाऊ, वरातीत नका देऊ," सईद फोनवर म्हणाला होता. "गियरची गाडी अशी हळू चालवली की क्लच जळतो." पण आळीला नाही कसं म्हणायचं?

मधल्या काळात मालूचं शिक्षण सुरू झालं. मोकळा रस्ता हवा म्हणून आम्ही धरमतरच्या बाजूला जायचो. एका अंगाला खाडी, एका अंगाला मिठागरं, आणि मध्ये आमची लाल गाडी, पाणकोंबडीसारखी उड्या मारत. मालूनं डावा पाय उचलला की गाडी एक झेप घ्यायची आणि मरायची. पुन्हा किल्ली, पुन्हा झेप, पुन्हा मरण. "हळू सोड, हळू," मी म्हणायचो. आधी प्रेमानं म्हणायचो. नंतर नुसतंच म्हणायचो. त्यानंतर जे म्हणायचो ते लिहीत नाही.

मिठागराच्या बांधावर सगुणा नावाची एक बाई असायची. फावडं टेकून ती आणि तिच्या सोबतिणी आमचा रोजचा खेळ बघायच्या. मालूच्या ओठांवर लहानपणापासून ओव्या. एक दिवस सातव्यांदा की आठव्यांदा गाडी बंद पडली, तेव्हा रडण्याऐवजी तिनं स्टेअरिंगवर ताल धरला:

*डावा पाय गं उचलला, गाडी अडून बसली*
*माझ्या माहेराची वाट, खाडीकाठाला फसली.*

मग सगुणानं फावडं खांद्याला लावून उत्तर दिलं:

*लाल गाडीला गो बाय, दोनच हायती खुरच्या*
*नवरा बसलाय शेजारी, नाकाला त्याच्या मिरच्या.*

सगळ्या हसल्या. मालूसुद्धा हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी गंभीर राहिलो. माणसाची अब्रू जाते तेव्हा ती निदान गद्यात जावी असं मला वाटतं. ओवीत गेली की ती घरोघर पोचते.

"भाऊ," सगुणा मला म्हणाली, "तिला वरडू नका हो. पोरीचा पाय नाय चुकत. तुमच्या वरडन्याला घाबरून उचलतंय."

मी म्हणालो, हा तांत्रिक विषय आहे.

मग परवान्याची परीक्षा. कचेरीच्या आवारात आमची गाडी उभी राहिली आणि रांग मोडली. रांगेतला प्रत्येक जण मालूच्या खुर्चीत बसून स्वतःचा फोटो काढून घेऊ लागला. एका आजोबांनी तर नातवाच्या लग्नाची तारीखही मला सांगून ठेवली. एवढ्या माणसांनी ती खुर्ची उबवली की मालूचं नाव पुकारलं तोवर ती खुर्ची तिची राहिलीच नव्हती. चढावर गाडी थांबवून पुन्हा पुढं न्यायची होती. गाडी मागं आली. सावकाश, अदबीनं, पाहुणा पाठ न दाखवता दारातून निघतो तशी मागं आली आणि कडुनिंबाला टेकली. साहेब भला माणूस होता. म्हणाला, "ताई, ऑटोमॅटिक गाडी घेऊन या ना. तुमचा हात चांगला आहे. पायाचंच जरा..."

मालूनं माझ्याकडं पाहिलं नाही. तेव्हा पाहिलं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

श्रावण सरला. मूर्ती रंगून तयार झाली. मूर्तिकारानं विचारलेला प्रश्न तेव्हा सुटला: देव मालूच्या मांडीवर बसणार, मी चालवणार. म्हणजे मालू जिथं दर वर्षी बसते तिथंच बसणार होती. फरक इतकाच की टेम्पोऐवजी तिच्या नवऱ्याची हौस तिला घेऊन जाणार होती.

रस्त्याभर मुंबईहून कोकणात निघालेल्या गाड्या. देवाच्या तोंडावर रुमाल, मालूच्या तोंडावर काहीच नाही. प्रत्येक गावाच्या गतिरोधकावर आमच्या गाडीचं पोट घासायचं आणि ती अशी कण्हायची की शेजारच्या रिक्षातली म्हातारी हात जोडायची. देवाला की गाडीला, कळत नसे. कोलाडला वळलो तेव्हा मालू म्हणाली, "आई सकाळपासून खुर्चीवर बसलीये. कान्हूचा फोन होता." कान्हू तिचा धाकटा भाऊ.

"तिला सांगितलंस ना, मी चालवतोय म्हणून?"

"नाही," मालू म्हणाली. "सांगवेना."

कान्हूनं आळीच्या तोंडाशी खालूबाजा आणून ठेवला होता. सनई, ढोल, आणि पुढं नाचणारी सगळी आळी. "दाजी, अशी गाडी रोह्यात देवाला कधी मिळाली नसंल! सावकाश घ्या. वाजवत न्यायचं." खालूबाजाच्या चालीनं गाडी न्यायची म्हणजे क्लच धड दाबायचा नाही, धड सोडायचा नाही, डावा पाय अधांतरी ठेवून तासभर थरथरत बसायचं. वरातींनी आधीच अर्धमेला केलेला तो क्लच देवाच्या दारापर्यंत येता येता हरला. आधी वास आला. कुणीतरी म्हणालं, "धूप कुनी लावला? वास काय बराबर नाय." मग बॉनेटच्या कडेनं निळा धूर निघाला. तो देवाच्या रुमालाभोवती असा फिरला की मागच्या बायकांनी मोरया केला. मी गियर टाकला. काही नाही. दुसरा टाकला. गाडी नुसती गुणगुणली, जागची हलली नाही.

उचललेला देव वाटेत खाली ठेवता येत नाही. मालूनं पदर खोचला, मूर्ती छातीशी धरली आणि उतरली. खालूबाजा तिच्यापुढं झाला, आळी तिच्यामागं गेली. माझ्याजवळ राहिलं एक कुत्रं आणि पिठाच्या गिरणीवाला. गिरणीवाल्यानं गाडी ढकलायला हात लावला, वर विचारलं, "गियरची हाय ना? ह्यात ऑटोमॅटिक पन येते."

मी पोचलो तेव्हा आरती झाली होती. गिरजाबाई ओट्यावरच होत्या. उजवा डोळा बारीक करून त्यांनी मला शोधलं. "लेक पायीच आली की वो! जावईबापू, गाडी छान हाय म्हनतात. कुठंय?"

सगळे हसले. मालू आत मोदकांच्या पाऱ्या वळत होती. तिनं हसण्याचा आवाज ऐकला आणि वळायची थांबली नाही.

क्लच परदेशातून यायचा होता. तो आला तोवर शिमगा उलटला होता, आणि गिरजाबाईंच्या उजव्या डोळ्यातलं तेलही संपलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले. मालू ही बातमी सांगताना कणीक मळत होती. "आता अंधारच म्हणे," ती म्हणाली आणि पुन्हा मळू लागली. कणीक केव्हाच मऊ झाली होती.

मी लाल गाडी वरातीवाल्या एकाला देऊन टाकली. सईदकडं धावलो तर पिवळी कधीच अलिबागला गेली होती. "भाऊ, तेव्हाच सांगितलं होतं," सईद म्हणाला, आणि एवढं म्हणून थांबला हा त्याचा मोठेपणा. मग एक साधी, चार दारांची, पांढरी ऑटोमॅटिक घेतली. हैबतरावांनी तिचा आवाज ऐकायला कान लावले, काहीच ऐकू आलं नाही तेव्हा उठून आत गेले. त्या गाडीत मालूला शिकवायला लागलंच नाही. परीक्षेला ती एकटी गेली, परवाना घेऊन आली आणि देवापुढं ठेवून कुकर लावायला गेली.

यंदा देव माझ्या मांडीवर आणि मालू स्टेअरिंगला. नागोठणं मागं पडलं, खांब मागं पडलं. ट्रकांच्या मधून ती अशी गाडी काढत होती की मी देवाच्या पाठीला हात लावून तोंड खिडकीकडं केलं. इतक्या महिन्यांत मी हिच्यावर ओरडलो ते नेमकं कशासाठी, ते मला आठवेना. रोह्यात खालूबाजा पुढं झाला. मालूनं ब्रेकवरचा पाय नुसता सैल केला आणि गाडी आपली आपण, सनईच्या सुरावर, देवाला झोप लागावी अशी सरकत गेली. सगळी आळी मालूकडं बघत होती. ती बघत होती समोर, ओट्याकडं.

गिरजाबाई खुर्चीवर होत्या. सरळ बसून, वाटेकडं तोंड करून. फक्त तोंड थोडं चुकीच्या बाजूला होतं.

दारात कान्हूच्या बायकोनं माझ्या पायांवर पाणी घातलं, कान्हूनं देव आत नेला. मालू आईजवळ वाकली. "आई, मी आणली गाडी. मी चालवली."

"चल! आंधळीची चेष्टा करतेस गो?"

"खरंच, आई. पेणपासून."

"व्हय, व्हय. आनि मी इमान चालवतंय." त्यांनी चाचपडत मांडीवरचा नारळ उचलला. "गाडी आननाऱ्याचा म्हनून ठेवलाय. जावईबापू, कुठं हाव? घ्या. लई हलू आनलीत हो गाडी. मागल्या साली कसला धूर, कसला वास! औंदा देवाला धक्का सुदिक नाय लागला."

"आई, मालूनंच चालवली," मी म्हणालो.

"बायकोला मोठेपना देता, चांगला हाव," त्या म्हणाल्या आणि नारळ माझ्या हातात दाबला.

मी मालूकडं पाहिलं. "असू दे," ती हळूच म्हणाली. "रस्ता अडलाय. गाडी नदीकडं लावून येते." ती गेली. दार लागलं, गाडी मागं सरली, वळली, निघून गेली. गिरजाबाईंनी मान वर केली.

"जावईबापू गेले गाडी लावाया?"

"मी इथंच आहे, आई. तुमच्याजवळ."

त्यांचा हात माझ्या मनगटावर आला, मग नारळावर, मग पुन्हा मनगटावर. "मग गाडी कोन नेतंय?"

कान्हू आत होता, आळी आत होती, ओट्यावर आम्ही दोघंच. त्यांना सांगायला लागलं नाही. त्यांनी तोंड वाटेकडं वळवलं, या खेपेला बरोबर बाजूला, आणि कान दिला. मीही दिला. लाल गाडी असती तर रोह्याच्या पुलापलीकडं ऐकू गेली असती. ही गाडी आवाजच करत नव्हती.

"काय ऐकू येत नाय वो," त्या म्हणाल्या. "तिला म्हनावं एकदा हारन वाजव. माझ्यासाठी वाजव म्हनावं."

मी धावलो. ओल्या पायांनी, अनवाणी, हातात नारळ घेऊन, आळीतून, गिरणीवरून, नदीकडं. मालू गाडी बंद करून काचेवर डोकं टेकून बसली होती.

"हॉर्न वाजव," मी धापा टाकत म्हणालो. "आईला कळलंय. तिनं सांगितलंय, वाजव."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं तळहात स्टेअरिंगवर ठेवला आणि दाबून धरला. हॉर्न छोटा होता, पातळ. पण तिनं तो सोडला नाही. नदीवरचे बगळे उडाले. मालू डोळ्यांतल्या पाण्यातून हसत होती. आणि त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, मागं ओट्यापुढं खालूबाजानं आरतीचा ढोल धरला. तो इथपर्यंत नुसता छातीत घुमत होता.

मालूनं हात उचलला. "ऐकलं असेल ना हो आईनं?"

"ऐकलं," मी म्हणालो.